वडिलांनी वाचलेला दस्त

आमच्या नामपल्लीच्या इमारतीत लिफ्ट नव्हती. बांधणाऱ्याने लिफ्टसाठी जागा मात्र सोडली होती, आणि तिथे इतकी वर्षं सायकली आणि एक मोडका कूलर उभा होता. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आई गेल्यानंतर मी आणि वडील, दोघंच. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. हैदराबादेत याचा एक तोटा असा की तेलुगू माणसाला ते माझे थोरले भाऊ वाटतात, आणि मग तो माझ्या वयाबद्दल भलताच अंदाज बांधतो.

अण्णांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून वर आणलं, आणि त्यानंतर चौदा महिने ते खाली उतरले नाहीत. सुरुवातीला खिडकीत बसून रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसांना हाका मारायचे. मग हाका थांबल्या. मग खिडकीत बसणंही थांबलं. एकदा कॉलेजला निघताना मी विचारलं, "येताना काही आणू का?" ते म्हणाले, "थोडी माती आण. पाय लावून बघतो." मी हसले. दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरले तेव्हा हसू गेलं होतं. तळमजल्याचं घर बघायचं, हे मी त्या जिन्यात ठरवलं.

आधी नवी घरं बघितली. सिकंदराबादेपलीकडे इटलीतल्या गावांची नावं दिलेल्या वसाहती आहेत. गेटवर सिंह असतात, सिंहांच्या तोंडातून पाणी पडतं, आणि आतल्या नळाला ते येत नाही. एका ठिकाणी टाय लावलेल्या मुलाने मला "लाइफस्टाइल" दाखवली. मी न्हाणीघर कुठे आहे ते विचारत होते. भाऊ पुण्याला असतो आणि फोनवरून मत देतो. त्याचं मत सिंहांच्या बाजूने होतं.

मग काकांचा फोन आला. काका म्हणजे अण्णांचे कॉलेजपासूनचे मित्र. अंबरपेठेत त्यांचं वडिलोपार्जित घर. कधीकाळी कौलारू, नंतर स्लॅब टाकलेलं, पण बैठं, पुढे ओटा, मागे छोटं अंगण. काकू वारल्यावर ते मुलाकडे सिकंदराबादला राहायला चालले होते. "बाहेरच्या माणसाला देण्यापेक्षा तू घे," ते म्हणाले. "घर जुनं आहे, काम काढावं लागेल. मी खोटं सांगत नाही."

त्या शेवटच्या वाक्याला मी भुलले. माझा आयुष्यभराचा बंदोबस्त बडेजावाविरुद्ध होता. आमच्या इथल्या मराठी मंडळात शाल-श्रीफळ घेणाऱ्यांची रांग असते. त्यातल्या कुणी घर विकायला काढलं असतं तर मी विटा मोजून घेतल्या असत्या. काका शाल घेत नसत. कार्यक्रमात शेवटच्या ओळीत बसत, कॉलर उसवलेल्या सदऱ्यात, आणि अध्यक्षीय भाषण सुरू झालं की हळूच निघून जात. साधेपणावर नजर ठेवायची मला कुणी शिकवलंच नव्हतं.

इंजिनिअरला घर दाखवू का, असं मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "दाखव की. मग माझ्या मित्राला काय वाटेल ते तूच बघ." परगावी चार पिढ्या काढलेल्या मराठी माणसांत एक अलिखित नियम असतो: आपल्या माणसाच्या भिंतीला कान लावायचा नाही. दुसऱ्या कुणाच्याही भिंतीला खुशाल लावावा. मी इंजिनिअर नेला नाही.

कागद बघितले. अलीकडचे सगळे इंग्रजीत होते आणि बँकेच्या वकिलाने ते पास केले. सर्वांत जुना, काकांच्या वडिलांच्या खरेदीचा दस्त, निजामाच्या काळातला, उर्दूत. वकिलाने तो आधी उलटा धरला, मग सुलटा, आणि म्हणाला की बँकेला इतक्या मागचं काही लागत नाही. मला उर्दू बोलता येते, वाचता येत नाही. अण्णांची पहिली काही इयत्तांची शाळा उर्दूत झाली. मी तो कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली, लगेच मराठी करत: पूर्वेला रस्ता, पश्चिमेला अमक्याची भिंत, मकान एकमजली, छत कौलारू, अंगण, कडुलिंबाचं झाड एक. झाड तुटून जमाना झाला होता. "वाचून बरं वाटलं," अण्णा म्हणाले. मलाही वाटलं. मी कॉलेजात इतिहास शिकवते. मूळ साधन स्वतः तपासा, अनुवादावर विसंबू नका, हे मी दरवर्षी जूनमध्ये साठ मुलांना सांगते.

खरेदी झाली. किल्ल्या देताना काकांनी एकच मागणं केलं. मागच्या अंगणात, खोलीच्या भिंतीला चिकटून एक सिमेंटचं वृंदावन होतं. "ही तुळस तेवढी हलवू नको. तुझ्या काकूने लावलेली आहे." माझ्या देवाधर्माची स्थिती त्यांना ठाऊक होती. पण काकूंनी मला लहानपणी कडबोळी खाऊ घातली होती. मी शब्द दिला.

काम सुरू झालं. मागची खोली अण्णांची ठरली, कारण न्हाणीघर तिला लागूनच होतं आणि रात्री त्यांना दहाच पावलं टाकावी लागली असती. मेस्त्री नलगोंड्याचा, पंचवीस वर्षं हैदराबादेत, तोंडात दखनी. पहिल्याच आठवड्यात ड्रेनेजची लाइन टाकताना त्याला वृंदावन आडवं आलं.

"मॅडम, ये हटाना पडता."

"नहीं हटाना. वचन दिया है."

"किसको?"

"जिनका घर था उनको."

त्याने वृंदावनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घर तुम्हारा, वचन उनका," असं म्हणून त्याने नळाला दोन वळणं देऊन लाइन तुळशीला प्रदक्षिणा घालून नेली. त्यानंतर तो दर दोन दिवसांनी मला विचारायचा, आणखी कुणाला काही वचन दिलंय का, आधीच सांगा, पाइप कमी पडतील.

मागच्या खोलीत फरशी घातली. तिसऱ्या दिवशी मधली रांग पाव इंच खचली. काढून पुन्हा घातली, पुन्हा खचली. मेस्त्रीने पहारीचं टोक जमिनीवर आपटत खोलीभर एक चक्कर मारली. दारापाशी आवाज घट्ट येत होता. मागच्या भिंतीजवळ तोच आवाज घागरीवर टकटक केल्यासारखा येऊ लागला.

"मॅडम, नीचे खाली है."

"कितना खाली?"

"नक्को पूछो."

मग मला न विचारता तो अंगणात गेला आणि दोघांना लावून वृंदावन उचललं. मी त्याला अडवलं नाही. खाली, मातीतून वर आलेला, मनगटाएवढा जाड लोखंडी पाइप होता. वरचं तोंड उघडं. वृंदावन आतून पोकळ होतं. तुळस वरच्या पसरट कुंडीत होती, पाइपशी तिचा काही संबंध नव्हता. मेस्त्रीने एक खडा आत टाकला. बऱ्याच वेळाने ओला आवाज आला.

"बावडी है," तो म्हणाला. विहीर बुजवायची असेल तर तिला श्वास घ्यायला नळी ठेवतात, नाहीतर घरच्यांना ती सुखाने राहू देत नाही. ही रीत त्याच्या गावातही आहे. विहीर अर्धी अंगणात, अर्धी खोलीखाली. बुजवताना वरवर राडारोडा टाकला होता आणि तो वर्षानुवर्षं खाली बसत गेला होता. मागच्या भिंतीवरचे ओलीचे डाग, जे घर दाखवताना काकांनी शेजाऱ्याच्या टाकीवर ढकलले होते, ते तिचेच. आता मी इंजिनिअर बोलावला. त्याने दाराबाहेर उभं राहूनच सांगितलं की या खोलीत माणूस झोपवू नका.

मी काकांना फोन केला नाही. मला आधी त्यांच्याविरुद्ध पुरावा हवा होता, म्हणजे त्यांना "मला कुठे माहीत होतं" म्हणता येणार नाही. अण्णांच्या वाचण्यात एखादा शब्द सुटला असेल, म्हणून तो उर्दू दस्त मी कॉलेजात नेला. आमच्याकडे उर्दू शिकवणाऱ्या एक आपा आहेत, निवृत्तीला आलेल्या, स्टाफरूममध्ये सर्वांच्या चहात साखर किती ते लक्षात ठेवणाऱ्या. त्यांनी कागद हातात घेतला आणि अण्णांसारखंच बोट ठेवून वाचला. मकान एकमजली. छत कौलारू. सहन, म्हणजे अंगण. चाह पुख्ता एक. दरख्त नीम एक.

"थांबा. अंगणानंतर काय?"

"चाह पुख्ता. पक्की बांधलेली विहीर. साफ हर्फों में लिखा है," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात ना, वालिदसाहेबांनी वाचून दाखवला होता?"

"हो."

त्यांनी कागदाची घडी जशी होती तशी केली, माझ्या हातात दिली आणि चहा मागवला. एक चमचा साखर, बरोबर.

त्या दिवशी तीन जिने चढताना मी मध्ये दोनदा थांबले. अण्णा पलंगावर बसले होते. मी दस्त त्यांच्यापुढे ठेवला.

"परत एकदा वाचता का?"

त्यांनी चष्मा पुसला. तोच आवाज, तीच गती. छत कौलारू, अंगण. मग न अडखळता, "चाह पुख्ता एक. म्हणजे बांधीव विहीर. कडुलिंबाचं झाड एक."

"मागच्या वेळी विहीर नव्हती."

"होती. मी वाचली नाही."

"खोली तिच्यावर आहे हे माहीत होतं तुम्हाला?"

"बुजवली तेव्हा मी तिथेच होतो. नारळ मीच फोडला."

"आणि काकूंची तुळस?"

"नळी उघडी वाईट दिसत होती. त्याला मी म्हटलं, वर वृंदावन ठेव. वहिनींनी पाणी घातलं असेल कधीतरी."

मी विचारलं, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं का. ते म्हणाले, ठरवलं असं नाही. तो म्हणाला पोरीला सांगायला हवं, मी म्हटलं माझं मी बघतो. म्हणजे ज्याला मी आठवडाभर मनात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं, त्याने निदान तोंड उघडण्याचा विचार तरी केला होता.

"अण्णा, त्या खोलीत तुम्हीच झोपणार होतात."

"हो. मला चाललं असतं."

"मला चाललं असतं का?"

त्यांनी दस्त घडी घालून बाजूला ठेवला. म्हणाले, "सांगितलं असतं तर घर घेतलं असतंस?"

"नाही."

"मग."

त्या "मग"चा मला आजही राग येतो. एखाद्याने आपल्याला चुकीचं ओळखून फसवलं तर भांडता येतं. यांनी मला बरोबर ओळखलं होतं: मी कागदावर विश्वास ठेवेन, स्वतःच्या हुशारीवर त्याहून जास्त, आणि वडिलांच्या बोटावर सगळ्यांत जास्त. त्यातल्या शेवटच्या गोष्टीचा त्यांनी उपयोग करून घेतला. दुसऱ्या कुणी केला असता तर मी त्याला अक्कलवान म्हटलं असतं.

घर विकून टाकावं असं दोन दिवस डोक्यात होतं. विकायचं तर मलाही घेणाऱ्याला विहिरीबद्दल सांगावं लागलं असतं किंवा कुंडी परत जागेवर ठेवावी लागली असती. आणि अण्णा आणखी एक वर्ष तिसऱ्या मजल्यावर राहिले असते. त्यांनी विचारलं नाही. रोज संध्याकाळी मी आले की माझ्या चपलांवरच्या सिमेंटकडे बघायचे, आहे की नाही ते.

मागची खोली पाडली. न्हाणीघरही गेलं. मेस्त्रीने विहीर तळापासून नीट भरली, पाइप नवा घातला आणि या वेळी तो उघडाच ठेवला. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात नवं न्हाणीघर काढलं. "बड़े भाई को सामने का रूम अच्छा है," तो म्हणाला, "रस्ता दिखता." मी त्याला नातं समजावून सांगायच्या भानगडीत पडले नाही. अण्णांना खाली आणायला त्याने आपली दोन माणसं पाठवली.

आम्ही राहायला आल्यावर पंधरा दिवसांनी काका आले. मी एक वाक्य तयार ठेवलं होतं. छोटं होतं, नम्र होतं, आणि ऐकल्यावर त्यांना परत या ओट्यावर बसता आलं नसतं. चहा झाला. काकांनी मान लांब करून मागे पाहिलं.

"खोली काढलीस वाटतं."

"काढावी लागली."

"बरं केलंस. उजेड कमीच होता तिथे."

मी कप खाली ठेवला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि काठी घेतली. "चल रे, तुला बसपर्यंत सोडतो."

"मी येते बरोबर," मी म्हटलं.

"कशाला? दोघं आहोत की."

दोघं निघाले. काकांनी अण्णांचं कोपर धरलं होतं, की अण्णांनी काकांचं, ते मागून कळत नव्हतं. पिठाच्या गिरणीपाशी थांबले, कुणाशी तरी दखनीत काही बोलले, हसले, पुढे गेले. वाक्य माझ्यापाशीच राहिलं.

पाऊण तासाने अण्णा एकटेच परत आले. मी गेटपाशी होते. बस मिळाली नाही का इतका वेळ, मी विचारलं.

"लगेच मिळाली."

"मग?"

"मग मी बसलो तिथेच. थांब्यावर."

"कुणाची वाट बघत?"

"कुणाची नाही."

त्या दिवशी मी जेवताना त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. थांब्यावर कोण कोण बसलं होतं, कोणती बस कुठे जाते, हे ते मला सांगत होते.