तीन मिनिटं दहा सेकंदांचा टर्बो

कवडू थूल यांना गाडी लागते. हिंगणघाटहून वर्ध्याला जायचं झालं तरी हा माणूस बसच्या खिडकीशी बसून लिंबू हुंगत जातो, आणि गावात सायकलशिवाय कशावर बसत नाही. याच माणसाकडे थेट नागपूरपासूनची पोरं आपल्या गाड्या घेऊन येतात आणि म्हणतात, काका, हिला आणखी पळवा. माझं फ्लेक्स छापायचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागूनच आहे, त्यामुळे हे रोज पाहावं लागतं. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. आठ वर्षांच्या शेजारानं जेवढं डोक्यात घुसलं तेवढं सांगतो.

टर्बो म्हणजे एक पंखा. इंजिनाच्या धुराच्या जोरावर तो फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा वाढली की डिझेल जास्त जळतं, गाडी जास्त पळते. सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करून त्या पंख्यापर्यंत नेणारे लोखंडी पाइप असतात, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. लहान टर्बो अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवल्याबरोबर जागा होतो, पण पुढे दमतो. मोठ्याला जागं व्हायला वेळ लागतो, मग मात्र तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही. कोणत्या गाडीला आणि कोणत्या माणसाला कोणता लावायचा, यातच सगळी मेख आहे.

कवडू मूळचे आंजीचे. एकोणिसाव्या वर्षी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये लागले आणि सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. ढिगातला कापूस हवेनं ओढून मशीनपर्यंत नेणारे मोठाले पाइप असतात, ते हे सांभाळत. पाइपाला कान लावून ते सांगायचे की तिसऱ्या वळणावर कापूस तुंबला आहे, आणि तो तिथेच तुंबलेला असायचा. पुढे मालकानं नवीन मशिनरी आणली, तिला कानाची गरज नव्हती. कवडू घरी बसले. एक दिवस हायवेवरच्या गॅरेजमध्ये कोणीतरी उघडून ठेवलेला मॅनिफोल्ड त्यांना दिसला. हा तर आपलाच पाइप, लहानपणीचा, असं म्हणून ते म्हणे खूप वेळ हसत होते.

मॅनिफोल्ड ते आजही कापसानंच तपासतात. जुना ब्लोअर लावायचा, चार तोंडांत कापसाचे चार पुंजके ठेवायचे आणि बटन दाबायचं. चारही पुंजके पलीकडून एकदम बाहेर पडले तर मॅनिफोल्ड पास. एक जरी मागे राहिला तर तो पाइप कापून पुन्हा वेल्डिंग. बाहेर पडलेला कापूस थेट माझ्या दुकानात येतो आणि ओल्या शाईवर बसतो. एका नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्याच्या काळ्या मिशा अशाच पिकल्या होत्या. शिव्या मी खाल्ल्या.

टर्बोची निवड मात्र कापसानं होत नाही, चहानं होते. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं. जिजाबाई, म्हणजे कवडूंची बायको, मागच्या खोलीतून उकळता चहा आणून हातात देते. कप हातात पडल्यापासून पहिला घोट घेईपर्यंत किती सेकंद लागले, ते कवडू मनगटी घड्याळावर मोजतात. दहाच्या आत प्यायला तर लहान टर्बो. मिनिटभर फुंकत बसला तर मधला. त्याहून जास्त धीर धरला तर मोठा. गिऱ्हाईक म्हणतं, मला अमुक कंपनीचा, तमुक मापाचा पाहिजे. कवडू म्हणतात, तू चहा पे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा या माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला असं मला वाटलं होतं. पण आठ वर्षांत, एक सोडून, कोणतंही गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलं नाही, हेही माझ्या डोळ्यांसमोरच घडलं.

आता माझा गुन्हा सांगतो. कवडूंनी हे गॅरेज उघडलं तेव्हा त्यांची पाटी मीच छापली. फोटोखाली जागा रिकामी राहिली, आणि रिकामी जागा मला बघवत नाही. मी आपल्या मनानं तिथे टाकलं, 'जोडी चुकली तर दुकान बंद'. कवडूंनी ते दोनदा वाचलं, मान हलवली आणि पाटी चढवली. मला वाटलं, आवडलं असेल. त्यांनी ते वचन म्हणून घेतलं होतं, हे मला आठ वर्षांनी कळलं.

ते कळलं पियुषमुळे. समोर हिरालालजींचं सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं, दुकान आहे, त्यांचा हा एकुलता एक मुलगा. वय सत्तावीस, बोलणं भराभर, चालणं भराभर, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळणारा. पांढरी जुनी डिझेल गाडी घेऊन तो आला, सोबत वडील होते. दोघांना दोन स्टूल, दोघांना चहा. कवडूंनी घड्याळ पाहायला सुरुवात केली आणि पाहतच राहिले. पियुषनं पहिला घोट घेतला तेव्हा तीन मिनिटं दहा सेकंद झाले होते. इतका धीराचा माणूस त्या स्टुलावर आजवर बसला नव्हता. कवडू हरखून गेले. त्यांनी पुण्याहून टर्बो मागवला, तो चांगला लाल भोपळ्याएवढा होता. त्याच्यासाठी मॅनिफोल्ड बनवायला एकवीस दिवस लागले, आणि तेवढे दिवस माझ्याकडची सगळी फ्लेक्सं केसाळ निघाली.

गाडी गेली आणि दहाव्या दिवशी परत आली. पियुषचं तोंड एवढंसं झालं होतं. तो सांगत होता की चौकात पाय दाबला तर गाडी जागेवरून ढिम्म हलत नाही, ऑटोवाले हात दाखवून पुढे जातात, आणि वेणा नदीच्या पुलावर पोचल्यावर चौकातला जोर येतो. तोवर आपण कशासाठी पाय दाबला होता हेही आठवत नाही. काल तो जोर घराच्या गल्लीत वळताना आला, आणि देवकाबाईंचं, म्हणजे त्याच्या आईचं, पापडाचं वाळवण गाडीच्या टपावर चढलं.

पोरगा काही भांडायला आला नव्हता. पण कवडूंनी सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि नट-बोल्ट खोलायचे पाने एकेक करून पोत्यात भरायला लागले. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, दुकान बंद. मी हसलो. ते हसले नाहीत. मग पाटीवरची ती ओळ मला आठवली. मी त्यांना सांगितलं की ती ओळ माझी आहे, जागा भरायला टाकलेली आहे, मी आजच शिडी लावून खरडून काढतो.

"तुमी लिहिली, पण वर फोटो नाई तुमचा, माहा आहे," ते म्हणाले. "लोक ते वाचून आत आले. आता पुसलं तर मी त्यायच्या तोंडाकडे कसा पाहू?"

अशा माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. तो पंचेचाळिसाव्या वर्षी एकदा घरी बसून आला होता, आता पुन्हा बसला तर उठणार नाही, हे जिजाबाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी एक शक्कल लढवली. म्हटलं, बंद करायच्या आधी चहा पुन्हा मोजा. वेळ तीच आली तर तुमचं माप बरोबर, पियुषचीच समजूत चुकली. वेगळी आली तर बांधा पोतं. हे त्यांना पटलं. मोजमापाचं काही म्हटलं की त्यांना पटतं.

पियुष एकटाच होता. त्यानं मला कानात सांगितलं की तो मुद्दाम उशीर करून कवडूकाकांना वाचवायला तयार आहे. मी म्हटलं, लबाडी केलीस तर त्यांना लगेच कळेल, तुला जसा प्यायचा तसा पी. बातमी फुटली होती. पानठेल्यावरचे सगळे दारात जमले, ऑटोवाले आले, आणि गर्दी पाहून हिरालालजी आपली ढेप सोडून माझ्या पायरीवर येऊन उभे राहिले. पियुषची त्यांच्याकडे पाठ होती.

जिजाबाईंनी कप दिला. पियुषनं तो झटकन तोंडापर्यंत नेला. मला वाटलं, गेलं दुकान. आणि तो तिथेच थांबला. त्यानं डावीकडच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, कप खाली आणला आणि गुडघ्यावर ठेवला. एक मिनिट झालं. दोन झाली. चहावर साय धरली. पायाचा अंगठा मात्र सारखा हलत होता, जणू त्याच्या पायाखाली गाडी आहे. तीन मिनिटं गेली तसं ऑटोवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला इतकं बरं वाटलं की मीही वाजवल्या. कवडूंनी वाजवल्या नाहीत. ते आता घड्याळाकडे पाहतच नव्हते.

"कोनाची वाट पाहून राह्यला बेटा?" त्यांनी विचारलं.

पियुष गोंधळला. कोणाचीच नाही म्हणाला. मग त्या कपाकडे पाहून सावकाश सांगू लागला की घरी बाबूजींनी पहिला घोट घेतल्याशिवाय आपण चहाला तोंड लावत नाही, लहानपणापासून असंच आहे. बाबूजी चहा बराच वेळ तसाच धरून ठेवतात. आज ते इथे नाहीत हे माहीत असूनही हात वर जाईना. गरम चहा कसा लागतो हे आपल्याला नीट माहीतच नाही, असं तो म्हणाला आणि ओशाळून हसला.

गर्दी बाजूला सरली. हिरालालजी आत आले होते.

"माह्या दाढेत कळ आहे रे," ते म्हणाले. "गरम लागलं की मस्तकात जाते. म्हनून थंड करून पेतो मी. तू काऊन थांबतं?"

"तुमी थांबत होते म्हनून."

हिरालालजींनी त्याच्या कपातली साय पाहिली. "मले वाटलं, तुलेबी थंडच आवडते."

खरं तर हसण्यासारखी गोष्ट होती, पण कोणी हसलं नाही. मी मनात हिशेब केला. दिवसाला दोन कप, वीस वर्षं. साडेचौदा हजार कप थंडगार चहा या पोरानं एका दाढेपायी प्यायला होता. आणि घरात कोणी कोणाला विचारलं नव्हतं. मला दोघांचाही राग आला, आणि वाईटही वाटलं.

कवडूंनी घड्याळ कानाला लावून ते चालू असल्याची खात्री केली. मग म्हणाले की माप बरोबर होतं, चहा शेठजींचा होता, तो फक्त पोराच्या हातात होता. "जोडी नाई चुकली. नवरदेव चुकला." असं म्हणून त्यांनी पोत्यातला पहिला पाना बाहेर काढला, तशा जिजाबाई पदरानं कपाळ पुसत मागच्या खोलीत गेल्या.

पांढरी गाडी आता हिरालालजी चालवतात. घर ते दुकान, ताशी वीसच्या वेगानं. तो भोपळा आजवर एकदाही जागा झालेला नाही, आणि शेठजी भेटेल त्याला सांगतात की अशी गुणी गाडी जन्मात पाहिली नाही. पियुषसाठी दुसरी गाडी आली, ती पुढची गोष्ट. तिचा टर्बो त्याच दुपारी ठरला.

जिजाबाई नवीन चहा घेऊन आल्या, अगदी चुलीवरून उतरवलेला. बापलेक शेजारी-शेजारी स्टुलावर बसले होते. कवडूंनी मनगट वर केलं. हिरालालजींनी पोराकडे पाहिलं, आणि 'पे' म्हणायला तोंड उघडलं, तोवर पियुषनं घोट घेतला होता. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं कप खाली ठेवला नाही. घोट घेतला तेव्हा जिजाबाईंची बोटंसुद्धा अजून कपावरच होती. कवडू उठले आणि फळीवरचा सगळ्यात लहान टर्बो काढून घेऊन आले.