एकाच हातची नोटीस आणि अर्ज

ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. पण आमच्या टेबलावरचा पत्रव्यवहार इंग्रजीतच चाले. मॅट्रिकला इंग्रजीत मार्क बरे होते, त्यामुळे मी जरा हवेतच होतो. हेडक्लार्कनी पहिल्याच आठवड्यात मला जमिनीवर आणलं. माझ्या मसुद्यातला प्रत्येक 'वी', म्हणजे 'आम्ही', त्यांनी तांबड्या शाईनं खोडला.

"अहो, इथं कुणी काही करत नसतं," ते म्हणाले. "इथं सगळं केलं जातं. 'शॅल बी व्हेकेटेड', 'मस्ट बी सबमिटेड'. वाक्यात कुणाला घालाल, तर उद्या चौकशीला त्यालाच बोलावतील."

मला ते फार आवडलं, हे कबूल करतो. वरून खाली जाणाऱ्या कागदाला 'शॅल बी' नि 'मस्ट बी', खालून वर जाणाऱ्याला 'मे काइंडली बी'. एवढ्यावर अख्खी कचेरी चाले. सहा महिन्यांत मी त्यात इतका तरबेज झालो, की साहेब माझे मसुदे न वाचताच सही करत.

डोंबिवलीला आमच्या दारावर एक आगरी बाई भाजी घेऊन यायची. कल्याणच्या बाजूला तिचं गाव. आम्ही तिला मावशी म्हणायचो. एका रविवारी तिनं टोपलीतून टाइप केलेला एक कागद काढून माझ्यापुढे धरला.

"वाच रं बाला. काय लिवलंय?"

वाचायची गरजच नव्हती. नव्या रस्त्याच्या आड येणाऱ्या घरांच्या नोटिसांचा मसुदा माझाच होता. घर रिकामं केलं जावं, न केल्यास पाडलं जाईल. मी तिला मराठीत सांगितलं.

"कोन पाडनार?"

"सरकार," मी म्हणालो. मजकूर माझा आहे, हे सांगायला जीभ रेटली नाही.

नवरा वारल्यावर तिनं ते घर एकटीनं उभं केलं होतं. भिंती दर वर्षी स्वतः लिंपायची. "तू इंग्रजी शिकलेला," ती म्हणाली. "साहेबाला लिव. म्हनावं, म्हातारी कुठं जाईल?"

तिला सरळ साहेबांपुढे नेऊन उभं करावं, हे मला सुचलं नाही असं नाही. पण माझी नोकरी अजून कच्ची होती. मग मी अर्ज लिहिला, अगदी जीव ओतून. 'मे काइंडली बी पर्मिटेड', 'मे बी कन्सिडर्ड विथ सिम्पथी'. म्हातारी कुठं जाईल, हा तिचा साधा प्रश्न त्यात काही केल्या बसेना, म्हणून गाळला. खाली तिचा अंगठा घेतला.

आठवड्यानं साहेबांनी मला आत बोलावलं. अर्ज त्यांच्या हातात होता. त्यांनी तो वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"कुणी लिहिलाय हो हा? काय सुंदर इंग्रजी आहे! वकिलाचं दिसतंय."

मी मसुद्याची वही उघडली.

"नामंजूर करा. चार ओळी पुरेत."

त्या चार ओळीही मीच लिहिल्या. 'कॅनॉट बी कन्सिडर्ड'. हेडक्लार्कना एकही शब्द खोडावा लागला नाही. इतकी शरम मला त्याआधी कधी वाटली नव्हती, तरी कागद टायपिस्टकडे नेऊन दिलाच.

पुढच्या रविवारी मावशी ते उत्तर घेऊन आली. मी वाचून दाखवलं. ती उंबऱ्याशी टेकली.

"साहेबानं आपला कागद वाचला तरी का रं?"

"वाचला, मावशी. दोनदा वाचला."

तिचा चेहरा निवळला. "दोनदा? मंग मानूस बरा हाय. त्याचाबी नाइलाज आसल." तिनं बसल्या जागीच साहेबाला हात जोडले आणि टोपली उचलून गेली.

पंधरा दिवसांनी तिचं घर पाडलं. साहेबांनी अर्ज दुसऱ्यांदा कशासाठी वाचला, ते मी तिला कधीच सांगितलं नाही.