आत कोणी आहे का?

कुठलाही दिवा घालवण्याआधी ताई बटणावर बोट ठेवून विचारायची, "आत कोणी आहे का?" खोली रिकामी दिसत असली तरी विचारायची. एखाद्या दिवशी भिंतीच ओ देतील, म्हणून लेक चिडवायची.

ताई पाणीपुरवठा केंद्रात युनिक्स या संगणकप्रणालीचं काम बघायची. पंप चालवणाऱ्या संगणकाच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नेलमधून, पंपांशी बोलणारा भाग तिने वेगळा काढून त्याचं मॉड्यूल केलं होतं. ते बदलताना संगणक बंद करायला नको, की घरोघरचे नळ कोरडे पडायला नकोत. मॉड्यूलची माहिती गाभ्यात एका स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे ठरावीक घरांच्या नोंदीत, असे: नाव, पत्ता, पुढच्या मॉड्यूलचा दुवा आणि ते आत्ता किती जण वापरताहेत तो आकडा. आकडा शून्य झाला तरच मॉड्यूल काढायचं. तरीही चाचणीत कधीमधी शून्य बघून मॉड्यूल काढावं, तर अख्खा संगणक आडवा व्हायचा. का, ते सापडत नव्हतं.

साहेबांनी बजावलं होतं की सोमवारी सगळ्यांसमोर प्रयोग, आणि त्यात माती खाल्ली तर हे मॉड्यूलचं खूळ कायमचं बंद.

रविवारी सकाळी ताई स्वयंपाकघरात चहा टाकत होती. कोठीच्या खोलीचं बटण तिथेच होतं. सवयीने तिने विचारलं, कोणी बोललं नाही, तिने दिवा घालवला. कोठीत धप्पकन काहीतरी पडलं.

"ओ तरी द्यायचीस," ताई म्हणाली.

"आत पाऊल टाकत होते गं," अंधारातून लेक म्हणाली. "आत पोचल्यावर ओ देणार ना? तेवढ्यात तू विचारून मोकळी."

ताईचं बोट बटणावरच राहिलं. तिच्या मॉड्यूलचंही हेच चाललं होतं. येणारा आधी आत शिरायचा, मग आतला कोड आकडा वाढवायचा. जो उंबरठ्यावर होता तो कुणाच्याच गणतीत नव्हता. त्याची मोजणी बाहेरच व्हायला हवी होती. मॉड्यूलच्या कामांचा जो तक्ता गाभ्याकडे असतो, त्यात तिने मनातल्या मनात एक घर वाढवलं: या कामांचा मालक कोण. गाभा ते वाचणार, त्या मालकाचा आकडा वाढवणार, मगच आत सोडणार. मॉड्यूल निघायला लागलं असेल, तर आल्या पावली परत पाठवणार. तोवर चहा उतू गेला. शेगडी लेकीने पुसली, टोमणे मारत; ताई कोड लिहायला बसली होती.

सोमवारी मोठ्या पडद्यासमोर सगळे जमले. ताईने मॉड्यूल काढायचा हुकूम दिला. पडद्यावर उमटलं: वापरात आहे, काढता येत नाही. साहेबांचा चेहरा उतरला. ताईचा मात्र उजळला, कारण उंबरठ्यावरचाही आता मोजला गेला होता; आधी नेमक्या याच क्षणी संगणक आडवा व्हायचा. तिने जरा दम धरला आणि पुन्हा हुकूम दिला. जुनं मॉड्यूल निघालं, नवं बसलं. पलीकडे पंप घुमतच होते.

साहेबांनी बेसिनपाशी जाऊन नळ सोडला. पाणी धो धो आलं. तोंडावर दोन हबके मारून ते वळले. "ताई, हे खूळ आता सगळ्या केंद्रांत न्या."

टाळ्या झाल्या, फोटो झाले, माणसं पांगली. सगळ्यांत शेवटी ताई निघाली. दारातल्या बटणावर तिने बोट ठेवलं.

"आत कोणी आहे का? की यायच्या बेतात आहे कोणी?"