एक डाग ऱ्हाऊ द्या

खांडबाऱ्याच्या रस्त्याला तेव्हा नवं डांबर पडत होतं. माझी गाडी शिंतोड्यांनी भरली. कामावरचा एक माणूस न बोलावताच आला. मी चिडलो, पण त्यानं तेलाची चिंधी एकेका डागावर धरून, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी गाडी पुसली. मागच्या दारावर डांबराचा इवलासा पंजा होता. तिथं त्याचा हात थांबला.

"हाऊ ऱ्हाऊ द्या, साहेब. मन्ही आंडेरना हात शे. तिले मोटरमा बसानी भारी हाऊस व्हती."

आंडेर म्हणजे मुलगी, हे मला ठाऊक होतं. 'व्हती'मधला भूतकाळ मात्र घरी पोहोचल्यावर डोक्यात शिरला. दिवसभर कुलूप असलेलं ते मागचं दार मी उघडलं. सीटवर डांबराची दोन चिमुकली पावलं होती. अजून ओली.