डोकं नेमकं केव्हा दुखतं?

बायकोच्या जवळ गेलो की ऐनवेळी माझं डोकं फुटायचं, आणि आवडी या तमिळ गावातल्या, आमच्या क्वार्टर्सजवळच्या औषधवाल्याला मी सांगितलं, जिने चढल्यावर दुखतं. या तंजावरी माणसाने गोळ्यांची पट्टी मुठीत दाबून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "नेमकं केव्हा, सार?"

"सांगितलं ना!"

"तुमचं क्वार्टर तळमजल्याला. जिने कसले?"

वैतागून मी खरं ते ओरडलो. त्याने तडक शटर ओढलं आणि मला स्कूटरवर डॉक्टरकडे नेलं. असं अचानक दुखणं कधी मेंदूतल्या रक्तस्रावाचंही असतं म्हणे. सुदैवाने स्कॅनमध्ये काही निघालं नाही. डॉक्टरांनी तासभर आधी घ्यायची गोळी लिहून दिली. ती देताना हा पुन्हा रांगेसमोरच म्हणाला, "घेण्याआधी बाईंना विचारा, सार. गोळी उगाच वाया जायची."