श्रीधरची पितळी नळी

जर्मनीतल्या येनामध्ये आम्ही मोजकीच मराठी कुटुंबं. कुणाकडे पोह्यांना जमलो की कुणीतरी म्हणतंच, "अरे, श्रीधरचा तो किस्सा सांग ना!" मग एकाला दुसरा चिकटत जातो. चहा दोनदा होतो, किस्से काही संपत नाहीत.

श्रीधर लेन्सच्या कंपनीत इंजिनियर. स्वभावाने शांत. पण त्याच्याकडे एक पितळी नळी आहे. इथे खोल्या गरम पाण्याच्या रेडिएटरने तापतात; त्याच्या व्हॉल्व्हमधली पिन अडकली, की खोलीची एकतर भट्टी होते, नाहीतर फ्रीज. आणि हीटिंग दुरुस्त करणाऱ्या हाइत्सुंगवाल्याची टेर्मिन, म्हणजे वेळ, मिळेपर्यंत हिवाळा सरतो! श्रीधर ती नळी व्हॉल्व्हवर घट्ट बसवतो, आतला खराब भाग नळीत ओढून घेतो, नळीची चावी बंद करतो आणि त्याच वाटेने नवा भाग आत घालतो. अख्ख्या बिल्डिंगचं पाणी जागच्या जागी! यावर आजवर एकाही माणसाने विश्वास ठेवलेला नाही.

*

पहिला अविश्वास घरातलाच. मुलीची खोली गार पडली, म्हणून घरमालकाला फोनवर विचारून श्रीधरने काम काढलं. त्याची बायको मधुरा लगेच कामाला लागली. तिने गालिचा गुंडाळला, पासपोर्ट कपाटावर ठेवले आणि देव्हारा उचलून डायनिंग टेबलवर नेला.

"अगं, देव कशाला हलवतेस?"

"त्यांना पोहता येत नाही!"

*

आमच्याकडे श्रीधर आला तेव्हा पुण्याहून माझे सासरे आलेले. सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेलेली. "पाणी बंद न करता व्हॉल्व्ह? मला सांगतोय हा?" असं पुटपुटत ते घरभर मेन कॉक शोधत फिरले. सापडला. गुपचूप बंद केला. तो निघाला नळाच्या पाण्याचा, रेडिएटरचा नव्हेच, आणि मी बाथरूममध्ये डोक्याला शाम्पू लावून बसलेली!

"अहो बाबाऽऽ! पाणी गेलं!"

बाबा श्रीधरकडे वळून म्हणाले, "बघ! मी म्हणतच होतो, काहीतरी होणार!"

*

पीएचडी करणाऱ्या ओंकारला त्या नळीचाच संशय. "कंपन्यांची लूट आहे दादा! व्हिडिओत नुसत्या पान्याने करतात." त्याने तसंच केलं. थोड्या वेळाने श्रीधरला फोन, "दादा, काळं पाणी! भोकावर हात दाबून बसलोय! खाली माझे प्रोफेसर राहतात!"

"जुना भाग कुठाय?"

"सोफ्याखाली गेला!"

"पायाने ओढ!"

ओढला, कसाबसा परत बसवला. स्वतःची दुलई पाण्यावर टाकली म्हणून प्रोफेसरांचं छत वाचलं. श्रीधर पोचला तेव्हा ओंकार नखशिखांत काळा होऊन उभा.

म्हणाला, "दादा, तो व्हिडिओ एडिट केलेला असणार!"

*

श्रीधरच्या बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरने एकदा त्याला जिन्यातच अडवलं. नळी पाहिली, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली, "असं होत नाही." श्रीधरने त्याच्यासमोर करून दाखवलं. त्याने गुडघे टेकून, टॉर्च मारून पाहिलं. उठला.

"हो, झालं खरं. पण असं होत नाही."

*

त्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर फ्राउ लिंडनर आजी एकट्या राहतात. त्यांच्या बेडरूमचा रेडिएटर बंदच होईना. बिचाऱ्या बर्फातसुद्धा खिडकी उघडी टाकून झोपायच्या आणि दिवसभर खोकायच्या. मधुराला ते ऐकवेना. तिने श्रीधरला खाली पिटाळलं.

आजींनी त्याला बूट काढायला लावले आणि मांडीवर फोन घेऊन त्याच्या पाठीमागेच खुर्ची टाकली. काम झालं. रेडिएटर निवायला लागला. आजींनी वाकून फरशीवरून हात फिरवला. कोरडी!

"आल्झो, मग पाणी कुठाय?"

"सांडलंच नाही."

"माझा नवरा होता तेव्हा प्लंबर आला की बादल्या भरायच्या. पाणी नाही, म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही!"

श्रीधरने परोपरीने समजावलं. आजींचं बोट पोलिसांचा नंबर लावायला फोनवर गेलं. शेवटी त्याने प्यायला ग्लासभर पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि आजींची पाठ वळताच उरलेलं रेडिएटरखाली ओतलं.

आजींनी ते थारोळं पाहिलं आणि पहिल्यांदा हसल्या. लगबगीने फडकं आणून स्वतः पुसलं.

"गेनाऊ! अगदी बरोबर! आता झालं काम! बसा, कॉफी करते."