कुंकू लागलेला संगणक

मित्रहो, दुपारी रहिमतपूरहून घरी आलो, पण मन अजून तिथल्या शाळेतच रेंगाळतंय.

मी तिथं मराठी शिकवायचो. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणारा शाळेचा पहिला संगणक आज भंगारात जाणार होता. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "सुरू झाला, तर काचेच्या कपाटात ठेवू." म्हणून माझा जुना विद्यार्थी संपत याला घेऊन गेलो. लोणंदला त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे.

त्यानं पेटी उघडली आणि हसतच सुटला. आत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या! कीबोर्डच्या फटींत हळद-कुंकू घट्ट बसलेलं.

"आवं सर, ह्यो बिघडला न्हाई. तुमी दर खंडेनवमीला पुजून पुजून मारलाय!"

बाईसुद्धा हसल्या. संपतनं ब्रशनं सगळं झाडलं, एक-दोन भाग बदलले आणि बटण दाबलं. आधी नुसती घरघर. मग काळोखात एक हिरवी रेघ लुकलुकू लागली. मला चौथीतली चांदण्यांची कविता आठवली, आणि बाईंसमोरच ती मोठ्यानं म्हणून टाकली.

कपाटात ठेवण्याआधी संपतनं पेटीवरचं कुंकवाचं बोट पुसायला फडकं उचललं. मी त्याचा हात धरला. "ते राहू दे रं."

"बरं, भायेरचं ऱ्हाऊ द्या. पन औंदा दसऱ्याला लांबनंच हात जोडा!"

जुनी वस्तू जपताना तिच्यावरची आपली माया पुसायची, की तीही जपायची? तुम्ही काय केलं असतं?